षड्ज नसलेले संगीत ऐकायचे कसे?

प्रश्न : गेली तीस वर्षे मी हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत ऐकतो. जर्मनीतल्या भाच्याने ऑस्ट्रियन संगीतकार आर्नोल्ड शोनबर्गच्या पियानोरचना पाठवल्या. चार-पाच वेळा ऐकूनही त्यांत षड्ज, म्हणजे आधाराचा ‘सा’, सापडला नाही, त्यामुळे विश्रांती कुठे तेही कळेना. असे संगीत श्रोत्यांना खरोखर आवडते, की ते तसे नुसते दाखवतात?
— एक वाचक, सांगली

उत्तर : षड्ज सापडला नाही हा आपल्या कानाचा दोष नव्हे, तो तिथे ठेवलेलाच नाही. तरीही कान त्याला शोधत राहतो, आणि हे केवळ तानपुऱ्यावर वाढलेल्यांचेच होते असे नाही. 21 डिसेंबर 1908 रोजी व्हिएन्नात शोनबर्गचे दुसरे स्ट्रिंग क्वार्टेट (चार तंतुवाद्यांसाठीची रचना, इथे सोबत गायिकाही) प्रथम वाजले, तेव्हा पाश्चात्त्य संगीतातच मुरलेल्या श्रोत्यांनी सभागृहात गोंधळ घातला होता. आपण याच रचनेपासून सुरुवात करावी, कारण तिच्या पहिल्या भागाला स्वरकेंद्र, म्हणजे षड्जासारखा आधारस्वर, आहे, तर शेवटच्या भागात, जिथे गायिका परग्रहावरून येणाऱ्या वाऱ्याची कविता गाते, ते सुटत जाते. म्हणजे काय हरवले हे आपल्याला हरवताना ऐकू येते.

मग उरते काय? उरतो नाद, आणि तो पुष्कळ असतो. शोनबर्गच्या 1911 मधील सहा छोट्या पियानोरचनांपैकी शेवटची घ्या. संगीतकार गुस्टाव्ह माहलरच्या अंत्यसंस्कारानंतर लिहिलेली ही रचना अवघ्या नऊ मात्राखंडांची आहे. आधी वरच्या पट्टीत तीन स्वर एकत्र, अगदी हळू वाजतात आणि विरू दिले जातात. ते विरण्याआधीच खालून दुसरे तीन स्वर येऊन मिळतात, आणि दूरच्या घंटा ऐकल्याचा भास होतो. इथे ‘पुढे कुठे जाणार’ असे विचारले तर पदरी निराशाच येते. पण ‘हा नाद किती वेळ टिकतो, शांतता कुठे सुरू होते’ याकडे लक्ष दिले, तर आलापात खर्जाचा स्वर लांबवला जाताना आपण जसे थबकतो, तसे इथेही थबकतो. (ही तुलना ऐकण्याच्या पद्धतीपुरतीच आहे, दोन्ही संगीतांचे नाते लावायचा माझा हेतू नाही.)

दुसऱ्यांदा ऐकण्याला इथे फार महत्त्व आहे. शोनबर्गने 1918 मध्ये व्हिएन्नात खासगी वादनांसाठी जी संस्था काढली, तिथे अवघड रचना पुन्हा पुन्हा वाजवल्या जात आणि टाळ्यांना व निषेधाला सारखीच बंदी असे. ओळख झाली की पुढचा स्वर अपेक्षित वाटू लागतो. मग स्वरकेंद्राचे काम थोडेफार स्मरणशक्तीच करते. शोनबर्गच्या पुढच्या काळातील बारा स्वरांच्या रचना सप्तकातले बाराही स्वर एका ठरावीक क्रमाने घेऊन बांधलेल्या असतात; त्यांत तो क्रम मोजत बसू नये. तो सरावलेल्या कानालाही सहसा पकडता येत नाही. त्या काळातल्या काही रचना मला स्वतःला आजही कोरड्या वाटतात, आणि तसे म्हणायला संकोच वाटण्याचे कारण नाही. आवडल्याचे दाखवणारे श्रोते सर्वच संगीतांत भेटतात, ख्यालाच्या मैफलीतही.

एक व्यावहारिक सूचना : गाणे ऐकून झाल्यावर लगेच या रचना लावू नका, कारण मागचा सा कानात बराच वेळ रेंगाळतो. आणि पंखा बंद ठेवा. त्या सहाव्या रचनेच्या शेवटच्या खर्जातल्या स्वरांवर ‘श्वासासारखे’ असे लिहिलेले आहे; पंख्याच्या घरघरीत ते आपल्याला ऐकूच येणार नाहीत.