पळसाला पानं तीनच, मग आजी मतदानाला का गेली?

लाडक्या चिऊ,

परवा गाडीत तू विचारलंस आणि मी "नंतर सांगते" म्हणून टाळलं, कारण मला त्या राउंडअबाउटवर गाडी चालवताना बोलता येत नाही हे तुला माहितीये. आज नाइट शिफ्ट आहे, वॉर्ड शांत आहे, म्हणून लिहितेय. जे वाचता येणार नाही ते बाबाला विचार.

तुझा प्रश्न असा होता की आजी व्हिडिओ कॉलवर बातम्या बघत बघत म्हणाली "कुणीबी येऊ दे बाई, पळसाला पानं तीनच". तर पळसाचा आणि सरकारचा काय संबंध, आणि सगळे सारखेच असतील तर २०२४ च्या नोव्हेंबरात गुडघा धरून ती मतदानाला कशाला गेली?

पळस तू बघितलायस, आपल्या रानाच्या बांधावर आहे तो, होळीच्या सुमाराला लालभडक फुलतो. पान नीट बघितलं तर एका देठाला तीनच पानं. परभणीचा पळस असो नाहीतर कोकणातला, चौथं पान नाही. म्हणजे कुठंही जा, कुणीही खुर्चीवर बसू दे, तेच ते. आमच्याकडं हे वाक्य चहासारखं चालतं, दिवसातून चार वेळा, आणि खरं सांगू का, निम्म्या वेळा ते आळशीपणानं म्हणतात, म्हणजे मग पुढं विचार करायला नको.

पण आजीला असं म्हणायचा हक्क आहे. तिनं किती बघितलेत! २०२२ चंच घे. जूनच्या शेवटी जुन्या सरकारनं जाता जाता औरंगाबादचं संभाजीनगर केलं, लगेच नवीन सरकार आलं आणि त्यांनी जुलैत तोच निर्णय परत घेतला, पुढं 'छत्रपती' लावून. एकाच शहराचं बारसं दोनदा, पंधरा-वीस दिवसांत, आणि मामाच्या गल्लीत नळाला पाणी तेव्हाही आठवड्यातून एकदा. नंतर त्या २०२४ च्या इलेक्शनला सोयाबीनला क्विंटलमागं एक बाजू म्हणे सहा हजार देऊ, दुसरी म्हणे सात हजार. त्या हंगामाचा हमीभाव होता ४८९२ आणि मामाला आडतीवर चार हजाराच्या आसपास मिळाले, तेही ओलावा जास्त आहे म्हणून कट मारून. विरोधात असताना जो भावासाठी रस्ता अडवतो तोच सत्तेत गेला की आकडे समजावून सांगायला लागतो, हे आम्ही लहानपणापासून बघत आलोय. इथं ब्रिटनमध्ये तरी काय वेगळं झालं, २०२४ ला चौदा वर्षांचं सरकार गेलं, सगळीकडं 'बदल' लिहिलेलं, आणि पहिल्याच महिन्यात बहुतेक म्हाताऱ्यांचे हिवाळ्यातल्या हीटिंगचे पैसे बंद केले, मग ओरडा झाल्यावर पुढच्या वर्षी बऱ्याच जणांचे परत चालू.

तर पळस झाला. आता पेटीची गोष्ट.

आजीचे वडील, म्हणजे माझे आप्पा, दुसऱ्याचं रान बटईनं करायचे. तेव्हा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, देश १९४७ ला सुटला पण आपण नाही, आपण १७ सप्टेंबर १९४८ ला. म्हणून तर आमच्याकडं शाळेत दोनदा झेंडावंदन असायचं (आणि दोनदा चिक्की). दरबारचा कारभार उर्दूत, गावात त्याचा माणूस म्हणजे पटवारी, जमिनीच्या नोंदी ठेवणारा. आप्पा सांगायचे, निजाम गेला तेव्हा गावानं गुलाल उधळला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीत बघतात तर तोच पटवारी, तीच लाकडी पेटी, तेच लाल कापडात बांधलेलं दप्तर, आणि हात पुढं करायची सवयही तीच. पैसासुद्धा निजामाचाच, हाली शिक्का, काही वर्षं तसाच चालू होता. कुणीतरी तिथंच म्हणालं असणार, पळसाला पानं तीनच.

पण १९४९ ला जहागिऱ्या गेल्या. १९५० ला कूळ कायदा आला, म्हणजे दुसऱ्याचं रान कसणाऱ्याला, कुळाला, त्या रानावर हक्क देणारा. आणि मग आप्पांचे हेलपाटे सुरू झाले, तहसीलला पायी, भाकरी बांधून, एक चप्पल अंगठ्यापाशी तुटलेली ती सुतळीनं बांधलेली. कितीदा गेले ते त्यांनाच माहीत. शेवटी त्याच पटवाऱ्यानं, त्याच पेटीतलं दप्तर काढून, त्याच तोंडानं, त्या रानाच्या पुढं कूळ म्हणून आप्पांचं नाव लिहिलं. माणूस तोच होता गं, पण निजामाच्या राज्यात त्यानं ते नाव लिहिलं नसतं.

मला तरी फरक तिथंच दिसतो. खुर्चीवरच्या तोंडात शोधायला गेलं की सापडत नाही, कागदावर कुणाचं नाव चढलं आणि कुणाचं खोडलं ते बघावं लागतं, आणि ते कळायलाच दहा वर्षं जातात. आणि कायदा नुसता येऊन भागत नाही, आप्पा गेले नसते तर तो कायदा पेटीतच राहिला असता. आमच्याच गावात असे दोघं-तिघं होते जे "काय फरक पडणारे" म्हणून गेलेच नाहीत. त्यांची नातवंडं आज पुण्यात वॉचमन आहेत.

आजी मतदानाला गावी गेली ती संभाजीनगरहून पाच-सहा तास एसटीत बसून. पंचाहत्तरीच्या पुढं एसटी फुकट आहे २०२२ पासून, ते कुणी केलं विचारलं तर म्हणते "कंडक्टर चांगलाय". मी फोनवर चिडले होते, गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचंय आणि हिला प्रवास कसला सुचतोय. तर म्हणाली, "यादीत नाव हाय माझं. न्हाई गेले तर उडवतेत."

बांधावरचा पळस ज्या रानाचा आहे ना, ते हेच रान. तो जुना उतारा आजीच्या ट्रंकेत आहे, लग्नाच्या शालूखाली. रविवारी फोन लाव आणि दाखवायला सांग, पण तिथल्या आठच्या आत, नंतर तिची सिरीयल असते आणि मग ती कुणालाच ओळखत नाही.

तुझी,
आई