विंडोज ११ नंतर डिझाइनचा प्रोग्रॅम उघडताच बंद: फॉरमॅट मारायच्या आधी हे बघा

ताई, तुमची अडचण मला अशी समजली. कोल्हापुरात शाहूपुरीत लग्नपत्रिका आणि बिलबुकं छापायचं दुकान आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून गेल्या रविवारी पीसी विंडोज ११ वर नेला. तेव्हापासून डिझाइनचा प्रोग्रॅम सुरुवातीचं चित्र दाखवतो आणि फटकन बंद होतो. दोनदा काढून परत टाकला, फरक शून्य. हार्डवेअरवाला म्हणतोय, फॉरमॅट मारा. तुळशीचं लग्न झालंय, मुहूर्त सुरू झालेत, गिऱ्हाईक दारात उभं आहे.

फॉरमॅट मारू नका. निदान आज तरी नको. तुमच्या प्रोग्रॅमचा परवान्याचा नंबर कुठल्या वहीत आहे, डोंगलची (परवान्यासाठी यूएसबीत लावायची ती छोटी किल्ली) सीडी कुठे आहे, जुने मराठी फाँट कुठून आणले होते, या तिन्हींची उत्तरं हातात असल्याशिवाय फॉरमॅट म्हणजे पत्रिका तर गेलीच, वर बिलबुकंही गेली.

उद्यमनगरात वर्कशॉपचे पीसी बघत माझी पंधराएक वर्षं गेली. अपग्रेडनंतर प्रोग्रॅम पडतो तेव्हा बहुतेक वेळा प्रोग्रॅम बिघडलेला नसतो, तो ज्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा असतो तो खांदा सरकलेला असतो. प्रिंटरचा ड्रायव्हर (म्हणजे ते यंत्र विंडोजशी जोडणारं छोटं सॉफ्टवेअर), डोंगलचा ड्रायव्हर, एखादा फाँट, मराठी टायपिंगचा जुना कीबोर्ड. म्हणून तर काढून परत टाकून उपयोग झाला नाही. अनइन्स्टॉल केलं की मुख्य फाइली जातात, पण तुमची सेटिंग, फाँट, ड्रायव्हर सगळं जागच्या जागी राहतं.

आधी मशीन काय म्हणतंय ते वाचू. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप करा, 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' येईल. तारखांचा तक्ता उघडतो, रविवारपासून पुढे लाल फुल्या दिसतील. तुमच्या प्रोग्रॅमच्या नावासमोरची नोंद उघडा. त्यात दोन ओळी कामाच्या: 'फॉल्ट मॉड्यूल नेम' आणि 'एक्सेप्शन कोड'. हीच माहिती इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १००० नंबरच्या नोंदीत असते, पण तिथं इतर इतका पालापाचोळा असतो की नवख्या माणसाला घाम फुटतो.

मॉड्यूलचं नाव 'एनटीडीएलएल' किंवा 'कर्नलबेस' असेल तर विंडोज खराब झालं असं धरू नका. या दोन फाइली जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम वापरतो, त्यामुळे पडझड कुठलीही असो, पंचनाम्यावर सही यांचीच. पंचनामा करणाऱ्या हवालदाराला कुणी चोर म्हणत नाही. पण तिथं अनोळखी नाव दिसलं, प्रिंटर कंपनीचं किंवा टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं, तर तो पक्का धागा समजा.

कोडचं म्हणाल तर सी००००००५ सगळ्यात जास्त दिसतो. अर्थ एवढाच की प्रोग्रॅमने मेमरीत आपल्या हक्काच्या नसलेल्या जागी हात घातला. यावरून रॅम बदलायला सांगणारी माणसं मी बघितलीत, आणि रॅम बदलून तोच कोड परत आलेलाही बघितलाय. रॅम खरंच खराब असेल तर एकच प्रोग्रॅम ठरलेल्या जागी पडत नाही, सगळंच कुठेही कोलमडतं. सी०००००७बी म्हणजे बहुधा ३२ बिट आणि ६४ बिटच्या फाइलींची सरमिसळ, तिथं प्रोग्रॅमला लागणारा व्हिज्युअल सी प्लस प्लसचा संच नव्याने टाकायचा. कोडची सुरुवात ई०४३४ अशी असेल तर मामला डॉट नेटचा, म्हणजे अनेक प्रोग्रॅमना चालायला लागणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या संचाचा. 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ'मध्ये डॉट नेट ३.५ ला टिक आहे का बघा, जुन्या प्रोग्रॅमना ते लागतं.

आता तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय: प्रिंटर. छपाईचे, डिझाइनचे, ड्रॉइंगचे कितीतरी प्रोग्रॅम उघडतानाच डीफॉल्ट प्रिंटरला विचारतात की कागद केवढा, समास किती. हे विचारताना प्रिंटरचा ड्रायव्हर प्रोग्रॅमच्या पोटात शिरतो, आणि तो कोसळला की प्रोग्रॅमला घेऊन कोसळतो. एका पॅटर्नवाल्याकडे (ओतकामाचे नमुने बनवणाऱ्याकडे) ड्रॉइंगचा प्रोग्रॅम सकाळी पडायचा आणि दुपारी चालायचा. तीन दिवस डोकं खाजवलं. शेवटी कळलं की ऑफिसातला शेअर केलेला प्रिंटर साडेअकराला, क्लार्क आल्यावर, चालू व्हायचा! तोवर ड्रायव्हर त्या बंद प्रिंटरला हाका मारत बसायचा आणि आपटायचा.

हे तपासायला दोन मिनिटं लागतात. सेटिंग्जमध्ये 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स'मध्ये जा. 'लेट विंडोज मॅनेज माय डीफॉल्ट प्रिंटर' बंद करा, नाहीतर विंडोज आपल्या मनाने परत बदलेल. मग 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' डीफॉल्ट करा आणि प्रोग्रॅम उघडा. उघडला, तर चोर सापडला. प्रिंटर कंपनीच्या साइटवरून विंडोज ११ चा ड्रायव्हर आणा, जुना पूर्ण काढा, मग नवा टाका. नवा निघालाच नसेल तरी अडत नाही. डीफॉल्ट पीडीएफच ठेवायचं आणि पीडीएफवरून छापायचं. ऑफसेटला पाठवताना तसंही पीडीएफच जातं.

तेवढ्याने नाही उघडला, तर दुसरा संशय मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर. घड्याळाशेजारी त्याचं चिन्ह असतं ना, ते. युनिकोडच्या (सगळीकडे चालणाऱ्या आजच्या मराठी अक्षरांच्या पद्धतीच्या) आधीच्या जमान्यातली ही साधनं प्रत्येक उघडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आपला एक तुकडा घुसवतात, म्हणून तर 'क' दाबलं की सगळीकडे तुमच्या लेआउटचं अक्षर येतं. विंडोज बदललं की हाच तुकडा कधी कधी घशात अडकतो. ते बंद करा, टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप ॲप्स'मधूनही काढा, पीसी रीस्टार्ट करा, बघा. त्याच वेळी फाँटलाही हात लावू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि कागदावर लिहा. पाच गोष्टी एकदम केल्या आणि चालला, तर कशाने चालला ते कळत नाही आणि पुढच्या वेळी परत पहिल्यापासून सुरुवात.

फाँटची पाळी नंतर. वर्षानुवर्षं पेनड्राइव्हवरून गोळा केलेले शेकडो फाँट असतील, त्यातला एक सडका असला तरी डिझाइनचा प्रोग्रॅम यादी बनवताना पडू शकतो. तुम्ही टाकलेले फाँट एका फोल्डरमध्ये कॉपी करून ठेवा, मग निम्मे काढून बघा. चालला तर चोर काढलेल्या निम्म्यात, नाही चालला तर उरलेल्यात. असं अर्धं-अर्धं करत गेलात तर पाचशे फाँटमधला एक नऊ फेऱ्यांत सापडतो.

डोंगल वापरत असाल तर 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये पिवळं उद्गारचिन्ह आहे का बघा. विंडोज सिक्युरिटीत 'कोअर आयसोलेशन'खाली 'मेमरी इंटेग्रिटी' चालू असेल तर जुना ड्रायव्हर अडवला जातो. ते कायमचं बंद करून बसू नका. डोंगल बनवणाऱ्याचा नवा ड्रायव्हर टाकणं हाच खरा उपाय. क्लीन बूट (बाहेरच्या सगळ्या सर्व्हिस बंद ठेवून पीसी सुरू करणं) करून बघायला कुणी सांगितलं, तर त्यात डोंगलची सर्व्हिस बंद होणार नाही याची काळजी घ्या, नाहीतर प्रोग्रॅम वेगळ्याच कारणाने बंद पडेल आणि तुम्ही भलतीकडे शोधत बसाल.

एक सोपी चाचणी राहिली. पीसीवर नवीन यूजर बनवा आणि त्यातून प्रोग्रॅम उघडा. तिथं चालला तर दोष तुमच्या यूजरच्या सेटिंगमध्ये आहे. 'ॲपडेटा' या तुमच्या यूजरच्या लपवलेल्या फोल्डरमधल्या त्या प्रोग्रॅमच्या फोल्डरचं नाव बदला, पुसू नका. प्रोग्रॅम नवं फोल्डर बनवतो, आणि जुन्यातले तुमचे टेम्प्लेट नंतर उचलता येतात.

आता घड्याळाचं. अपग्रेडनंतर विंडोज १० वर परत जायला दहा दिवस मिळतात. सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, तिथं 'गो बॅक' आहे. रविवारी केलंय, म्हणजे पुढच्या मंगळवारी संध्याकाळपर्यंत निर्णय घ्या, बुधवारवर ढकलू नका. तोवर डिस्क साफ करायच्या नादात 'प्रिव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' पुसू नका, ते गेलं की परतीची वाट बंद. परत गेलात तर रविवारनंतर टाकलेले प्रोग्रॅम जातील. फाइली राहतात, तरी आधी सगळी कामं बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती डिस्क तळमजल्यावर ठेवू नका. २०१९ आणि २०२१ चं पाणी बघितलेल्या शाहूपुरीकरांना हे मी काय सांगायचं.

विंडोज १० वर परत गेलात तर मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा अपडेटला नोंदणी करा. साध्या ग्राहकांसाठी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. म्हणजे हा सीझन निघतो, आणि नव्या ड्रायव्हरचं काम पावसाळ्यात निवांत करता येतं.

आज रात्री एवढं करा: डीफॉल्ट प्रिंटर बदलून बघा, आणि लाल फुलीतल्या त्या दोन ओळी जशाच्या तशा इथं टाका. मोबाइलने फोटो काढला तरी चालेल, फक्त मॉड्यूलचं नाव कापू नका.