वाचक विचारतात : हॉलला बॉटल ग्रीन लावू का, गुहा तर नाही ना होणार?

मागच्या महिन्यात आपण गडद हिरव्या भिंतीसमोर पितळी समई असा एक फोटो छापला होता, तेव्हापासून मेलबॉक्स नुसता हिरवागार झालाय. सगळ्यांनाच तो रंग हवाय आणि सगळ्यांच्याच घरात कुणीतरी एक नाही म्हणणारं आहे. सगळी पत्रं घेता येणार नाहीत, चार निवडली.

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही चिंचवडला टू बीएचकेत राहतो. हॉल 10 बाय 16, एका टोकाला मेन डोअर आणि दुसऱ्या टोकाला बाल्कनी, तीही पश्चिमेची. बिल्डरने दिलेला क्रीम कलर 8 वर्षं बघून मी इतकी कंटाळलेय ना, मला गडद हिरवा हवाच आहे. मिस्टर म्हणतात गुहा होईल. सासूबाई म्हणतात हिरवा शुभ आहे पण एवढा काळपट कशाला, पोपटी लाव की. पेंटर म्हणतो टीव्हीमागची भिंत करा, सगळे तीच करतात. मी कुणाचं ऐकू?

उत्तर : पोपटी सोडून कुणाचंही ऐका. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, पण पोपटी भिंतीवर ट्यूबचा उजेड पडला की समोर बसलेल्या पाहुण्याचं तोंड कावीळ झाल्यासारखं दिसतं, हे मी स्वतः पाहिलंय.

आता गुहेचं बघू. गडद हिरवा अंगावर पडलेल्या उजेडातला शंभरातला जेमतेम 5 ते 10 भाग परत देतो, ऑफ व्हाइट 75-80 तरी देतो. म्हणजे मिस्टरांची भीती काही अगदी उगाच नाही. पण गुहा होते ती रंगामुळे कमी आणि चुकीची भिंत निवडल्यामुळे जास्त. माझ्याच घरचं सांगते, मी हौसेने बाल्कनीच्या दाराची भिंत हिरवी केली होती, म्हटलं बाहेरची झाडं आणि भिंत कसं एक होईल. झालं काय, की दाराच्या आजूबाजूच्या त्या भिंतीवर बाहेरचा उजेड थेट पडतच नाही, आणि डोळ्याला तर मधल्या दारातून झगझगीत ऊन दिसत असतं, त्यामुळे दिवसाढवळ्या ती भिंत शाळेतल्या फळ्यासारखी काळी दिसायची आणि रात्री लाइट लावले की मात्र सुंदर. तीन महिन्यांत परत पांढरी केली.

तर नियम लक्षात ठेवायला सोपा आहे, उजेड जिथून येतो ती भिंत सोडा, उजेड जिथे जाऊन पडतो ती धरा. तुमच्याकडे ती म्हणजे मेन डोअरची भिंत, बाल्कनीच्या बरोबर समोरची. ती हिरवी करा आणि तिथून कोपरा वळून टीव्हीची लांब भिंतही त्यातच घ्या, म्हणजे एल आकार होईल. एकच भिंत रंगवली की कुणीतरी मोठं कॅलेंडर चिकटवल्यासारखं वाटतं, कोपरा वळला की खोलीला तो रंग आहे असं वाटतं. पेंटर चुकून बरोबर बोललाय, कारण टीव्हीचा तो काळा चौकोन हिरव्यात बराचसा विरघळतो. सोफ्यामागची भिंत आणि बाल्कनीची भिंत क्रीमच ठेवा, पण जरा नवा हात मारून घ्या, नाहीतर हिरव्याशेजारी जुनं क्रीम मळकट दिसेल.

वर बीम असेलच, आपल्या फ्लॅटमध्ये नसतो कुठे. बीम जर हिरव्या भिंतीच्या डोक्यावर असेल तर तोही हिरवा, पेंटर सिलिंगबरोबर पांढरा करून टाकेल आणि मग हिरव्या भिंतीवर पांढरी पट्टी मारल्यासारखी दिसेल, तेव्हा आधीच सांगून ठेवा. स्विचबोर्डाचंही तसंच. क्रीम भिंतीवर जे बोर्ड 8 वर्षं दिसले नाहीत ते हिरव्यावर एकेक मोजता येतील. प्लेटा बदलून ग्रे किंवा काळ्या घेतल्या तर फार खर्च नाही. वायर झाकणारी केसिंग-पट्टी असेल तर ती सरळ भिंतीच्याच रंगात रंगवून टाका. एसीला इलाज नाही, हिरव्या भिंतीवर पांढरा एसी म्हणजे मखरात फ्रीज ठेवल्यासारखं, शक्य असेल तर तो क्रीम भिंतीवर हलवा.

आता शेड. शेडकार्डावरचा नखाएवढा चौकोन बघून ठरवू नका, भिंतीवर रंग नेहमी वेगळाच वाटतो. आणि पेंटरला जुन्या क्रीमवर चार फटकारे मारायलाही लावू नका, आजूबाजूला तो पिवळट रंग असतो ना, त्यामुळे हिरवा उगाच निळसर वाटतो. छोटा सँपल डबा मिळतो, 200 मिलीचा वगैरे, तो आणून खोक्याच्या पुठ्ठ्याचे 2 बाय 2 फुटाचे तुकडे करा, आधी पांढरा प्रायमर आणि मग रंगाचे दोन हात, आणि तो तुकडा भिंतीला टेकवून सकाळी 9 ला, दुपारी 4 ला आणि रात्री लाइट लावून असा तिन्ही वेळा बघा. तुमचा पश्चिमेचा हॉल आहे, चारचं ऊन आत आलं की हिरव्यात पिवळा चढतो, त्यामुळे जो शेड आधीच शेवाळी किंवा मेंदीकडे झुकलेला असेल तो संध्याकाळी मातकट होईल. तुम्ही बाटलीच्या हिरव्याकडे जा, किंचित निळा असलेला.

किती लागेल? टीव्हीची भिंत 16 फूट लांब आणि साधारण साडेनऊ फूट उंच धरली तर 152 चौरस फूट. पुट्टी भरलेल्या गुळगुळीत भिंतीवर चांगला इमल्शन लिटरला दोन हातांत 120 ते 140 चौरस फूट जातो, पण गडद रंग दोन हातांत क्वचितच सपाट बसतो, रोलरचे ढग राहतात, तिसरा हात लागतोच. म्हणजे त्या एका भिंतीला 2 लिटर, आणि दाराच्या भिंतीला दार वजा जाता 1 लिटर धरा. एकदम एकाच वेळी मिक्स करून घ्या आणि वेगवेगळे डबे असतील तर ते बादलीत एकत्र ओतून ढवळा, मशीनवर एकाच कोडने काढलेल्या दोन डब्यांतही बारीकसा फरक येऊ शकतो आणि तो नेमका भिंतीच्या मधोमध दिसतो. प्रायमर करड्या रंगाचा करून घेतला तर तिसऱ्या हातात बराच दिलासा मिळतो. उरलेला रंग बाटलीत भरून वर कोड लिहून ठेवा.

फिनिश मॅट घ्या पण अगदी डेड मॅट नको. मॅटवर कुणी नख ओढलं, सोफा घासला की पांढरट रेघ उठते आणि गडद रंगावर ती लपत नाही. चमकही नको, चकचकीत हिरव्यात पुट्टीची प्रत्येक लाट दिसते. मधलं जे धुता येणारं असतं ते.

प्रश्न : मॅडम, लावून झालाय. पैसेही गेलेत. दुकानात बघितला तेव्हा रॉयल वाटत होता, आता रात्री हॉलमध्ये बसलं की सिव्हिल हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बसल्यासारखं वाटतं. बायको बोलत नाहीये. परत रंगवायचा का? – डोंबिवली

उत्तर : थांबा, ब्रश खाली ठेवा. तुमच्याकडे वर कुठली लाइट आहे? पत्रात नाही लिहिलंत पण मी पैजेवर सांगते, पांढरी शुभ्र ट्यूब किंवा कूल डे लाइटचे एलईडी पॅनल, 6500 के वाले. के म्हणजे केल्विन, हा आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर, जितका लहान तितका पिवळसर. आपल्याकडे पांढरा म्हणजे जास्त उजेड असं डोक्यात पक्कं बसलंय. त्या निळसर उजेडात गडद हिरव्याचा सगळा ऊबदारपणा जातो आणि उरतो तो सरकारी हिरवा.

आणि तो सरकारी हिरवाही आपल्या डोक्यात पक्का आहे, अर्ध्या भिंतीपर्यंत ऑईलपेंटचा पट्टा, वर पांढरा, मधे एक काळी रेघ. शाळा, दवाखाना, रेल्वे क्वार्टर, सगळीकडे तोच. हॉस्पिटलचं हिरव्याशी नातं तसं जुनं आहे, 1914 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका सर्जनने, हॅरी शर्मन त्यांचं नाव, पांढऱ्या ऑपरेशन थिएटरमध्ये डोळे दिपतात म्हणून पालकाच्या भाजीसारखा हिरवा वापरला, रक्ताच्या लाल रंगासमोर डोळ्याला तो बरा पडतो म्हणून. तुमच्या हॉलमध्ये असं काही चालत नाही, तेव्हा तिथली लाइट तुम्हाला नकोय.

आज संध्याकाळी एक काम करा. 2700 किंवा 3000 के चे, म्हणजे वॉर्म व्हाइटचे तीन बल्ब आणा. बॉक्सवर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, लिहिलेला असेल तर 90 च्या वरचा. सिलिंगची लाइट बंद, आणि हे तीन बल्ब खाली, एक कोपऱ्यात स्टँड लॅम्प, एक टीव्हीच्या बाजूला, एक टेबल लॅम्प, नसेल तर शेजाऱ्यांचा आणा दोन तासांसाठी. उजेड भिंतीवर खालून-बाजूने घसरत गेला पाहिजे, डोक्यावरून धो धो नको. मग बायकोला बोलवा. तरी नाही जमलं तर मला परत लिहा, पण मला वाटतं नाही लिहिणार तुम्ही.

आणि शोकेसमध्ये बंद करून ठेवलेली पितळी भांडी असतील, तांब्या, घंगाळ, पानाचा डबा, काहीही, ती बाहेर काढा. हिरव्यासमोर स्टील मरतं आणि पितळ जिवंत होतं. सागवानाचंही तसंच. काळं वेंगे लॅमिनेट असेल तर मात्र, सॉरी, दोन्ही मिळून विहीर होते.

प्रश्न : आमच्या फॅमिली ग्रुपवर मेसेज फिरतोय की हिरव्या रंगात आर्सेनिक असतं आणि त्याने माणसं मेलीत. आमचा सांगलीकडे जुना वाडा आहे, बाहेरच्या सोप्याची दारं-खिडक्या आजोबांच्या काळापासून गडद हिरव्या आहेत, थरावर थर. मे महिन्यात सगळे भाऊ जमून घासून परत तोच रंग द्यायचा बेत आहे, मुलंही मदतीला आहेत. धोका आहे का?

उत्तर : मेसेज अर्धा खरा आहे, आणि तुमचा धोका त्यात नाही, दुसरीकडेच आहे.

1775 मध्ये शेले नावाच्या स्वीडिश केमिस्टने तांबं आणि आर्सेनिक मिळून एक झक्कास हिरवा तयार केला आणि एकोणिसाव्या शतकात युरोपात वॉलपेपर, कापडी फुलं, मेणबत्त्या सगळ्यात तो गेला. लोक खरंच आजारी पडले, दमट भिंतीवर बुरशी धरली की त्या वॉलपेपरमधून विषारी वायू सुटायचा. पण ते गेलं. 1930 नंतरच्या दशकात थॅलो ग्रीन आला, आता दुकानातला गडद हिरवा बहुतेक त्यावरच चालतो, त्यात तांबं असतं पण आर्सेनिक नाही.

तुमचा प्रश्न शिशाचा आहे. जुन्या ऑईलपेंटमध्ये शिसं सर्रास असायचं, आपल्याकडे घरगुती रंगात 90 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखात 90 भागांच्या, वर शिसं नको हा नियम 2016 साली निघाला आणि 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. म्हणजे आजोबांच्या काळचे ते थर कोरड्या पॉलिश पेपरने घासले की जी हिरवी धूळ उडेल ती सगळ्यात वाईट कुणाला, तर लहान मुलांना. तेव्हा मुलांची मदत अजिबात नको, त्यांना आंबे खायला पाठवा. गरोदर बाईही तिथे नको. हिट गन लावून जाळून काढू नका, ग्राइंडर तर नकोच. रंग घट्ट बसलेला असेल तर काढूच नका, ओल्या वॉटर पेपरने वरवर घासा, फडक्याने पुसा, प्रायमर आणि वर नवा इनॅमल, जुना थर खाली कोंडलेला बरा. जिथे पोपडे सुटलेत तिथे पाणी मारत मारत खरवडा, खाली प्लास्टिक अंथरा, चांगला मास्क लावा, आणि तो कचरा अंगणात झाडाखाली टाकायचा नाही, चुलीत तर नाहीच नाही. झाल्यावर झाडू मारू नका, ओल्या फडक्यानेच पुसून घ्या.

रंग मात्र तोच द्या हं. चुन्याची भिंत, खाली शहाबादी आणि हिरवं दार, यात मी काही सुधारणा सुचवणार नाही.

प्रश्न : लंडनमध्ये भाड्याच्या फ्लॅटमध्ये आहे, खोली उत्तरेची, भिंतींना हात लावायचा नाही अशी अट. पण तुमचा फोटो बघून जीव जळतोय. काही मार्ग?

उत्तर : आहे की. उत्तरेच्या उजेडात पिवळा नसतोच, त्यामुळे बाटली-हिरवा तिथे करडा-निळा होतो. जे चिंचवडला नको म्हटलं तेच तुम्हाला हवं, शेवाळी, मेंदी, ऑलिव्ह. भिंत नाही तर पडदे, छतापासून जमिनीपर्यंत आणि खिडकीपेक्षा दोन्हीकडे फूटभर रुंद, म्हणजे भिंतच झाली. पुस्तकांच्या कपाटाची पाठ आतून हिरव्या कागदाने मढवा, काढता येतो. डिसेंबरात तुमच्याकडे चारच्या आधीच सूर्य मावळतो, म्हणजे ती खोली तशीही दिव्यांच्या उजेडातच वापरायची, तेव्हा गडदला घाबरू नका.

आणि आईला सांगून गुळेदगुडचा खण मागवा, मरून किंवा हळदी, हिरवा नको. त्याचा पन्हा अरुंद असतो, कुशनला बरोबर पुरतो, काठ मधे येईल असा शिवून घ्या. मनी प्लांटची कुंडी मात्र त्या पडद्यासमोर ठेवू नका, दिसणारच नाही.