शेंगाचटणीच्या पाकिटावरील चौदा आकडी क्रमांक

प्रश्न : सोलापुरातील आमचा महिला बचत गट शेंगाचटणी तयार करून विकतो. पाकिटावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा (एफएसएसएआय) चौदा आकडी क्रमांक छापणे आता बंधनकारक आहे. माझ्या सासूबाईंनी हीच चटणी वर्षानुवर्षे कागदाच्या पुडीत बांधून विकली, त्यांना कोणी काही विचारले नाही. पूर्वी असा कायदाच नव्हता का?
– एक वाचक भगिनी, सोलापूर

उत्तर : ताई, कायदा होता, आणि तो सासूबाईंच्या जन्माआधीपासून होता, घरगुती विक्रेत्यांपर्यंत तो क्वचित पोहोचत असे, एवढेच. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलमे २७२ आणि २७३ अन्नाविषयीच होती. मात्र भेसळीमुळे पदार्थ अपायकारक झाला असेल तरच ती लागू होत असल्यामुळे, दुधात स्वच्छ पाणी घालणारा त्यांच्या कचाट्यात सापडणे अवघड होते. पुढे प्रांतांनी आपापले कायदे केले. सोलापूर मुंबई इलाख्यात असल्याने येथे १९२५ चा मुंबईचा भेसळ प्रतिबंधक कायदा होता. तुळजापूर मात्र निजामाच्या राज्यात, त्यामुळे अवघ्या ४५ किलोमीटरवर तो लागू नव्हता. एकाच बाजाराला माल पुरवणाऱ्या दोन गावांना दोन नियम, ही त्या व्यवस्थेची खरी उणीव होती.

औषधांसाठी देशव्यापी कायदा १९४० मध्ये झाला. अन्नासाठी मात्र त्यानंतर चौदा वर्षे थांबावे लागले. १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १ जून १९५५ पासून अमलात आला आणि त्याने निरनिराळ्या पदार्थांची मानके ठरवली. ‘माल कसा होता हे मला ठाऊक नव्हते’ एवढ्यावर विक्रेत्याची सुटका होणेही त्याने थांबवले. अन्न निरीक्षक दुकानदाराला किंमत देऊन नमुना घेई, त्याचे तीन भाग करून प्रत्येकाला मोहोर लावी आणि त्यातला एक विश्लेषकाकडे पाठवी. वाद झालाच तर पुन्हा तपासण्यासाठी उरलेले भाग जपून ठेवलेले असत. ही काळजी विक्रेत्याच्याही हिताची होती, हे विसरू नये.

आपला क्रमांक २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यातून आला असून त्या कायद्याची अंमलबजावणी ५ ऑगस्ट २०११ पासून सुरू झाली. भेसळ पकडण्याबरोबरच माल कोठून आला आणि कोठे गेला याचा माग लागावा, हा त्याचा मोठा उद्देश आहे. त्याची गरज २००५ मध्ये ब्रिटनमध्ये दिसली. भारतातून गेलेल्या मिरची पुडीत ‘सुदान’ हा खाण्यास मनाई असलेला लाल रंग निघाला. ती पूड एका सॉसमध्ये आणि तो सॉस इतर असंख्य खाद्यपदार्थांत गेलेला असल्यामुळे शेकडो उत्पादने दुकानांतून परत घ्यावी लागली. आपल्या चटणीतही मिरची पूड विकतचीच असेल, तर तिचे बिल जपून ठेवावे.

त्याहून मोठी काळजी शेंगदाण्याची. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. त्यांच्या खाद्यातील शेंगदाणा पेंडीवर वाढलेल्या बुरशीचे विष त्याला कारण होते, असे नंतर आढळले. ते विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. त्याचा यकृतावर घातक परिणाम होतो आणि दाणे खमंग भाजले तरी ते पूर्णपणे नष्ट होत नाही. चटणीत लसूण, जिरे आणि तिखट एवढे असते की खराब दाण्याची चव लपून जाते. म्हणून सासूबाईंच्या हाताला कितीही चव असली, तरी चाखून हे ओळखता येणार नाही.

दाणे भाजण्याआधी सुपात पसरून निवडावेत आणि सुरकुतलेले, काळपट किंवा बुरशीचे दाणे काढून टाकावेत. ते जनावरांनाही घालू नयेत. पोते ओल लागणार नाही अशा जागी, जमिनीपासून उंच ठेवावे. उखळात कुटलेल्या प्रत्येक घाण्याची तारीख आणि त्यात कोणत्या पोत्यातले दाणे गेले, हे वहीत लिहून ठेवावे. तक्रार आल्यास नेमकी तेवढीच पाकिटे परत मागवता येतील.