विचारा काकूंना: क्रोशाचा स्वेटर करायचाय, लोकर किती आणू?

प्रश्न : नमस्कार काकू. क्रोशा मला आजीने शिकवला. ताईच्या रुखवतातलं तोरण आणि ताटावरचे रुमाल मीच केले. आता स्वतःसाठी हल्ली घालतात तसा ढगळ, आखूड स्वेटर करायचाय. छाती 36 इंच. पॅटर्न नाही. लोकर किती आणू? सुती धागा चालेल का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : जमेल की! तोरण येतं म्हणजे साखळी, मुका खांब, खांब हे सगळे टाके येतात. मात्र तोरणात दोन खांब इकडेतिकडे झाले तर कुणी मोजायला येत नाही, स्वेटर तेवढ्यानेच बगलेत काचतो.

सुती धाग्याचं आधी सांगते. नको. क्रोशाची वीण मुळात जाड, त्यात सूत जड. स्वेटर आपल्याच वजनाने खाली लोंबतो. शिवाय खानापूरचा पाऊस तुला मी काय सांगू, धुतलेला वाळायचा कधी? अ‍ॅक्रिलिक किंवा सूत-अ‍ॅक्रिलिक मिश्र धागा घे. आपली थंडी काही काश्मीरची नव्हे.

बेळगावला आलीस की मध्यम जाडीचा एकच गुंडा घेऊन जा. 5 मिलिमीटरच्या सुईने अर्ध्या खांबाचा, वीतभर चौकोन विण. मुक्या खांबाने कापड पुठ्ठ्यासारखं होतं, पूर्ण खांबाने भोकं दिसतात. चौकोन धुऊन वाळव आणि मगच मधोमध पट्टी ठेवून 10 सेंटिमीटरमध्ये किती खांब बसले ते मोज. कडेला मोजू नकोस, तिथे वीण ओढली जाते.

समज 14 आले. ढगळपणासाठी छातीत 6 इंच वाढवले की 42 इंच, म्हणजे 107 सेंटिमीटर. पुढचा-मागचा भाग प्रत्येकी 53, म्हणजे 74 खांब. झाला तुझा पॅटर्न! उतरत्या खांद्याचा स्वेटर म्हणजे दोन आयत आणि दोन बाह्या. बगलेचा आकार काढायची कटकटच नाही. पुढचा गळा तेवढा 7-8 सेंटिमीटर खोल ठेव.

आता लोकर. 50 सेंटिमीटर उंचीचे दोन भाग, आणि 42 लांब, सरासरी 40 रुंद अशा दोन बाह्या, मिळून 10 बाय 10 चे साधारण 87 चौकोन होतात. विणलेल्या तुकड्याचं वजन करून एवढ्या एका चौकोनाला किती ग्रॅम लागले ते काढ. (किराण्याच्या काट्यावर नीट कळणार नाही. ओळखीचा सराफ असेल तर त्याला गाठ, हसेल पण करून देईल.) 7 ग्रॅम भरले तर 609 ग्रॅम. खालची-मनगटाची पट्टी आणि उसवाउसवी धरून 700 आण. सगळे गुंडे एकाच लॉट नंबरचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले, बघून घे, नाहीतर रंगाचा पट्टा उठून दिसतो. दुकानदार ‘सेमच आहे की’ म्हणेल. दाराबाहेर उजेडात धरून बघ.

खालची आणि मनगटाची पट्टी एक नंबर बारीक सुईने, मुक्या खांबाची, टाक्याच्या वरच्या दोन दोऱ्यांपैकी फक्त मागच्यातून सुई घालून आडवी विण. ताणली तरी परत जाग्यावर येते.

गरम इस्त्री अ‍ॅक्रिलिकवर फिरवू नकोस, वीण कायमची मरते. वाळवताना आडवा पसर आणि कपाटात घडी घालून ठेव. हँगरला टांगलास तर आखूड स्वेटरचा झगा होईल.