वडिलांच्या वर्षश्राद्धाचा खर्च मुलांच्या संस्थेला दिला आणि त्यातून स्वतःलाच समाधान मिळाले, तर ते दान स्वार्थी ठरते का?

नाही, ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या वसतिगृहाला तुम्ही देऊ इच्छिता ती देणगी केवळ तुम्हाला समाधान देते म्हणून स्वार्थी ठरत नाही. बीड जिल्ह्यातील अशाच एका वसतिगृहाच्या पावत्या मी लिहितो आणि निव्वळ परोपकारासाठी देणारा मला क्वचितच दिसतो: कोणी आईवडिलांच्या स्मरणार्थ देतो, कोणी स्वतः ऊसतोड कामगाराच्या घरात वाढलेला असतो, तर कोणाला मार्चअखेर करसवलत हवी असते (पावती मात्र सर्वांची एकाच पुस्तकातून फाटते). दसरा-दिवाळीच्या सुमारास आईवडील कारखान्याकडे निघाले की मागे राहिलेल्या मुलाला पाच-सहा महिने जेवण, निवारा आणि शाळा मिळते की नाही, हा खरा प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर देणगीदाराच्या हेतूवर अवलंबून नसते. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलांना पुण्याला नेऊन त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. अशा कामाचे मोल ते किती वर्षे निभावले यावरून ठरते, सुरुवात कोणत्या भावनेतून झाली यावरून नव्हे. मात्र हेतू तुमचा असला, तरी काय द्यायचे हे संस्थेला विचारूनच ठरवावे, कारण पुण्यतिथीला गोड जेवण घालणारे पुष्कळ भेटतात, पण वीजबिल किंवा गणिताच्या शिक्षकाचे मानधन भरणारे फारसे भेटत नाहीत.