एनआयसीयूतल्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या) बाळाच्या त्वचेवर कॅन्डिडा सापडला, म्हणजे संसर्ग झाला का?

लगेच तसं समजू नका. ही बुरशी त्वचेवर, तोंडात, आतड्यात नुसती मुक्कामाला असू शकते. रक्तात उतरली की खरा धोका. मात्र १००० ग्रॅमखालच्या बाळांत हे अंतर थोडंच असतं. त्वचा नाजूक, मोठ्या शिरेत नळी, त्यात सेफोटॅक्सिमसारखी अँटिबायोटिक्स, जी बुरशीला दाबून ठेवणारे जिवाणूच मारतात. (यातलं टाळण्याजोगं कारण म्हणजे गरज नसताना दिलेली अशी अँटिबायोटिक्स.) अनेक जागी बुरशी सापडली तर जोखीम वाढते. प्रादुर्भाव जास्त असलेल्या विभागांत १००० ग्रॅमखालच्या बाळांना प्रतिबंधासाठी फ्लुकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध देतात, आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे. ब्लड कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ते पाहणारी तपासणी) निगेटिव्ह आलं तरी पूर्ण निर्धास्त होऊ नका, इवल्या बाळाचं रक्तच थोडं घेता येतं, त्यात बुरशी निसटू शकते. पॉझिटिव्ह आलं तर नळी शक्यतो लगेच काढतात, पाठीतलं पाणीही तपासतात.